लुगड्याखालचा कॉम्प्युटर

इंदूरला रामबागेत आत्याकडे गेले तर कॉम्प्युटरवर आजीचं लुगडं टाकलेलं. धूळ बसू नये म्हणून वरून टॉवेल टाकतात तसं नाही, मॉनिटर, कीबोर्ड, खालचा डबा सगळं एकत्र गुंडाळून कडा चापूनचोपून आत खोचलेल्या, आणि प्लग भिंतीतून काढून वायरची गुंडाळी करून खिडकीत ठेवलेली. मी विचारलं हे काय गं, तर म्हणाली, "काही नाही, सध्या काम नाही त्याचं." आता आषाढ चाललेला, शेजारच्यांचा सावन लागलेला म्हणजे आपला श्रावण पंधरा दिवसांवर आलेला, मंगळागौरीच्या गाण्यांचं पुस्तक छापून महिला मंडळात द्यायचं म्हणून ही बाई दोन महिने दुपारची झोपलेली नाही, आणि हिला कॉम्प्युटरचं काम नाही? मी काही बोलले नाही. पोहे खाल्ले, वर जिरावण, आपला पोह्यांवरचा मसाला, जरा जास्तच पडलं होतं, तिचा हात चुकला होता आणि तिचा हात कधी चुकत नाही. मग चहाचा कप खाली ठेवताना तीच हळू आवाजात म्हणाली, अगदी दाराकडे एकदा बघून, "मी घाणेरडं काही उघडलं नव्हतं गं."

चौसष्ट वर्षांची बाई. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेली.

ते वाक्य मला त्या दिवसापासून चिकटून बसलंय. कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, तिने एकदा आधी म्हटलं होतं आणि तेव्हा मी शेजारी उभी होते. ते नंतर सांगते. आधी लुगडं काढलं त्याबद्दल.

झालं असं होतं की देवासच्या एका बाईंनी तिला आपल्याकडची वीसेक गाणी ईमेलने पाठवली, पण ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. जुन्या फॉन्टचं ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर अख्खं गाणं इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा होऊन समोर येतं. मग हिने गूगलवर फॉन्ट बदलून देणारं काहीतरी शोधलं. एक पान उघडलं, त्यावर हिरवी मोठी मोठी डाउनलोडची बटणं, चार की पाच, खरं बटण बहुतेक वेळा त्यात सगळ्यात बारीक असतं आणि हिरवं नसतंच. हिने मोठं दाबलं. कुणीही दाबलं असतं. काहीतरी उतरलं, पुढे पुढे पुढे असं तीनदा दाबायला लागलं, फॉन्टचं काम काही झालं नाही. दोन दिवसांनी कोपऱ्यात उजवीकडे चौकोन उगवायला लागले, तुमचं मशीन धोक्यात आहे म्हणून. आणि मग एका दुपारी सगळा स्क्रीन निळा-लाल झाला, कर्कश्श भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीतून एकच एक वाक्य परत परत बोलायला लागली, की कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. भोंगा इतका मोठा होता की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. आणि आत्याला त्या भोंग्याची नाही, काकू वर आल्या याची जास्त भीती वाटली. तिने फोन केला त्या नंबरवर. पलीकडचा माणूस फार गोड हिंदीत बोलत होता, मैडम घबराइए मत, मोबाइलवर एक अ‍ॅप टाका, मला तुमचा स्क्रीन दिसेल, मग मी साफ करून देतो. अ‍ॅप उतरायला लागलं होतं, तेवढ्यात त्याने बँक कुठली विचारलं, आणि शाळेच्या नोकरीत आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेली ती, तिने फोन ठेवला, प्लग उपटला, लुगडं टाकलं. अकरा दिवस झाले होते याला. अकरा दिवस रोज माझ्याशी फोनवर बोलत होती, भाजी काय केली, पाऊस आहे का तिकडे विजयनगरला, सगळं. हे नाही.

मी म्हटलं, अगं तू प्लग उपटलास ते अगदी बरोबर केलंस. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं होतं की बंद करू नका म्हटलेलं असताना बंद केलं म्हणून आता मशीन गेलं.

आता ती पूर्वीची गोष्ट. २००९ साल, मी एकोणीस वर्षांची, इंजिनियरिंगला, आणि आत्याकडे विंडोज एक्स्पीवाला कॉम्प्युटर. तेव्हाही ती गाणीच टाइप करायची, फुगड्या, झिम्मा, डोहाळजेवणाची, शिवाजी फॉन्टमध्ये, टाइपरायटरच्या बोटांनी खडखड. पण तेव्हाची पद्धत वेगळी होती, एकेका म्हातारीला खुर्चीत शेजारी बसवायची, ती म्हणणार आणि ही टाइप करणार, वही-बिही मध्ये नाहीच. दोन वर्षांत दोनशेच्या आसपास गाणी झाली होती. मला कॉलेजचं प्रोजेक्ट प्रिंट करायचं होतं, तिच्याकडे प्रिंटर होता, मी माझा पेनड्राइव्ह लावला. दोन जीबीचा, निळा, टोपण हरवलेला. तो सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये फिरून आला होता. त्या काळात पेनड्राइव्ह लावला की एक्स्पी आपणहून आतली ऑटोरन फाइल वाचायचा, आणि आपण नेहमीसारखा ड्राइव्ह उघडायला क्लिक केलं की त्यात जे लिहिलंय ते चालवायचा, आपल्याला पत्ताही लागायचा नाही, त्याच वाटेने कॉन्फिकरसारखे वर्म, म्हणजे आपले आपण पसरणारे व्हायरस, त्या वर्षी जगभर फिरत होते. मायक्रोसॉफ्टने एक्स्पीची ही सवय २०११ मध्ये अपडेट देऊन बंद केली. आमच्यासाठी दोन वर्षं उशिरा.

चार दिवसांनी आत्याचा फोन, माझे फोल्डर विचित्र वागतायत म्हणून. बाबा आणि मी मिळून सीपीयू स्कूटरवर मध्ये धरून एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, आत्या मागून रिक्षाने आली. दुकानदाराने लावून बघितलं, त्याच्या अँटिव्हायरसने पटापट काहीतरी पुसलं, मग फोल्डर उघडून बघितले तर रिकामे. तो म्हणाला, डेटा तो गया, फॉरमॅट मारना पड़ेगा. आणि मग दोन गिऱ्हाईकं उभी असताना, हसत, तिच्याकडे बघून, "माताजी, उल्टी-सीधी साइट मत खोला करो."

आत्याने बाबांकडे बघितलं, धाकटा भाऊ तिचा. आणि म्हणाली, "मी तसलं काही उघडत नाही रे." बाबा म्हणाले, "अगं हो गं, चल." त्या "चल"मध्ये जे होतं ते मला आजही ऐकू येतं. रिक्षात मी तिच्याबरोबर बसले, राजवाड्यापासून घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही, मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

आणि मला त्याच रात्री कळलं. मैत्रिणीच्या लॅपटॉपला तोच निळा पेनड्राइव्ह लावला आणि तिचं अँटिव्हायरस किंचाळलं. मी तो पुसला, खिशात टाकला, कुणाला काही सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग घरात तो विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, या वयात कशाला हवाय इंटरनेट, आणि मी ताटाकडे बघून जेवायची.

याच्यापेक्षा वाईट भाग पुढे आहे. तीन-चार वर्षांनी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, ऑफिसातल्या एका मुलाचा असाच पेनड्राइव्ह रिकामा दिसत होता, आणि शेजारच्याने काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली, अ‍ॅट्रिब, मग वजा एच, वजा आर, वजा एस, आणि एंटर मारल्यावर सगळे फोल्डर एकेक करून परत उगवले. त्याने सहज सांगितलं, अगं तो व्हायरस काही पुसत नाही, खऱ्या फोल्डरला लपवतो, सिस्टिमची फाइल असल्याचा शिक्का मारून, म्हणजे हिडन फाइल्स दाखव म्हटलं तरी दिसत नाही, आणि त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र असलेली आपली फाइल तिथे ठेवतो. आपण फोल्डर समजून तिला क्लिक करतो. अँटिव्हायरस ती खोटी पुसतो आणि आपल्याला वाटतं सगळं गेलं. असतं तिथेच. मी त्या काळ्या खिडकीकडे बघत बसले. दोनशे गाणी तिथेच होती. दुकानात, त्या टेबलावर, त्या डिस्कमध्ये, फॉरमॅटचं बटण दाबेपर्यंत सगळी होती. देवासची एक आजी होती, साठ-एक ओळींचं एकच गाणं म्हणायची, मध्ये श्वास घ्यायला पाणी प्यायची, ती त्याच हिवाळ्यात गेली होती. आत्याने त्यानंतर कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला आणि वह्यांवर आली, तो पार लॉकडाऊनपर्यंत. २०२० मध्ये मीच तिला हा नवा घेऊन दिला. का घेऊन दिला ते घरात कुणाला माहीत नव्हतं.

तर लुगडं काढलं, प्लग लावायच्या आधी वायफायचा राउटर बंद केला, आणि चालू केलं. ब्राउझर उघडला की तेच पान परत येणार हे माहीत होतं, कारण अर्धवट बंद झालेली पानं तो मोठ्या प्रेमाने परत उघडून देतो, म्हणून आधी आवाज बंद ठेवला. आलंच. आत्या दारात उभी, पदर तोंडाला. मी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर काढला, ब्राउझरचा टास्क संपवला, परत उघडला आणि पानं परत आणू का विचारल्यावर नाही म्हटलं. "एवढंच?" ती म्हणाली. त्या भोंग्याच्या पानाचं एवढंच, ते एक वेबपेज होतं, व्हायरस नव्हताच, स्क्रीनभर पसरलेलं एक चित्र आणि एक आवाज. खरी घाण दुसरीकडे होती. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅम तारखेनुसार लावले तर हिरव्या बटणाच्या दिवशी, चार मिनिटांच्या अंतराने, न मागवलेले तीन पाहुणे येऊन बसलेले. एकाचं नाव पीडीएफचं, एकाचं हवामानाचं, तिसऱ्याचं कशाचंच नाही. ते काढले. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला चिकटलेला छोटा प्रोग्रॅम, होतं जे तिने गूगलमध्ये काहीही शोधलं की ते आधी आपल्याकडून फिरवून नेत होतं, म्हणजे अकरा दिवसांपूर्वीपर्यंत ती जे जे शोधत होती, गुडघेदुखी, पेन्शनचं पत्रक, झिम्म्याचे प्रकार, ते सगळं कुणीतरी बघत होतं. स्पायवेअर म्हणतात ते हेच. ते काढलं. नोटिफिकेशनच्या परवानग्यांमध्ये सहा साइट, कोपऱ्यातले चौकोन तिथून येत होते, त्या काढल्या. स्टार्टअपमध्ये एक उरलेलं, ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये एक, हे दुसरं काढलं नसतं तर पहिलं दर तासाला परत आलं असतं. मग डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावलं, ज्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज जागं व्हायच्या आधीच तपासणी होते, म्हणजे लपून बसणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. पंधरा-एक मिनिटं लागतात. तेवढ्यात तिच्या मोबाइलवरून ते अर्धवट अ‍ॅप काढलं, तिच्या ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला, बँकेच्या नोंदी खालपासून वर वाचल्या, सगळे पैसे जागच्या जागी, आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोठ्या आकड्यात १९३० लिहून ठेवला, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, पैसे गेले तर पहिल्या तासात इथे फोन करायचा म्हणून. ती म्हणाली, "आणि मग ते विचारतील काय उघडलं होतं."

बघा, परत तेच.

स्कॅनचा आकडा हळूहळू वाढत होता म्हणून मी तिला लाहोरच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९८६ चा ब्रेन, तो या भावांनी लिहिला, फ्लॉपीवरून पसरायचा. आणि त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला होता, लस हवी असेल तर संपर्क करा म्हणून. त्यांचं म्हणणं, आमचं सॉफ्टवेअर लोक चोरतात म्हणून केलं. आत्याने दोनदा विचारलं, "पत्ता लिहिला होता? घरचा?" दुकानाचा म्हटलं. ती बराच वेळ गप्प बसली, आणि मला वाटतं ती हाच विचार करत होती की ज्यांनी केलं त्यांनी नाव-पत्ता लिहिला आणि ज्यांना झालं ते मात्र मशीनवर लुगडं टाकून बसतात. मग काटकर बंधूंचं बोलणं निघालं, क्विक हीलवाले पुण्याचे, त्यातले थोरले आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं, मराठी माणसाचं काही असलं की तिला माहीत असतंच, इंदूरच्या मराठी लोकांना ती खोडच आहे.

आणि इंदूर म्हटल्यावर मला राहून राहून एक वाटतं. आपल्याकडे सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते, आणि अख्खी गल्ली, गाऊन घातलेल्या काकूंपासून टाय लावलेल्या साहेबांपर्यंत, आपापला ओला-सुका घेऊन खाली येते. घरात कचरा निघाला म्हणून कुणी लाजत नाही. २०१७ मध्ये आपण पहिल्यांदा देशात स्वच्छतेत पहिले आलो, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने सायबर स्वच्छता केंद्र म्हणून एक सोय सुरू केली, मशीनमधले बॉट, म्हणजे आपलं मशीन दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्रॅम, काढायची साधनं फुकट देणारी. नाव ऐकून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण गल्लीतल्या त्या गाडीसारखं कुणी अजून दारात येत नाही, आणि आपल्याकडच्या व्हायरसबद्दलचं पहिलं वाक्य अजूनही तेच असतं, काय उघडलं होतंस. मीही आईला, सासऱ्यांना, कितीदा याच सुरात विचारलंय. ताप आलेल्या माणसाला आपण असं नाही विचारत.

स्कॅन संपलं, दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही काढल्या. मशीन उठलं. तिचा गाण्यांचा फोल्डर उघडला, एकशे बेचाळीस फाइली, सगळ्या उघडल्या, ळ पण जागच्या जागी. आत्याने हात जोडले, देवाला की मशीनला कळलं नाही. तेव्हा मी सांगितलं. काही ठरवलं नव्हतं, खरं तर बॅकअप कुठे घ्यायचा ते बोलत होते आणि तोंडातून निघालं, की आत्या, २००९ चा व्हायरस माझ्या पेनड्राइव्हमधून आला होता, मला त्याच रात्री कळलं होतं.

ती माझ्याकडे बघतच नव्हती, स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, "मला वाटायचं माझंच बोट कुठेतरी लागलं." मग थोड्या वेळाने, "दुकानात तू होतीस ना तेव्हा?" मी म्हटलं होते, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. "आणि नंतर?" नंतर माहीत होतं.

लपलेल्या फोल्डरचं मी सांगणार नव्हते. ते सांगून काय मिळणार होतं तिला? पण तिनेच विचारलं, ती मास्तरीणबाई आहे, तिला अर्धं उत्तर कळतं. "मग गाणी नक्की कशाने गेली, व्हायरसने की फॉरमॅटने?" मी सांगितलं. ती उठून आत गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ चालू होता, भांडी घासायला बाई येते तिच्याकडे. मी लुगड्याची घडी घातली. विरलेलं होतं, काठाजवळ आजीने घातलेले टाके होते, बारीक, एकसारखे. परत उलगडलं आणि परत घडी घातली.

बाहेर आली तेव्हा डोळे धुतलेले होते आणि हातात जुनी डायरी होती. उभ्यानेच पानं चाळत म्हणाली, देवासच्या आजीच्या गाण्याच्या पहिल्या अकरा ओळी आठवतात तिला, मधल्या नाही, शेवटच्या चार आठवतात, त्या आजीची सून अजून आहे, तिला विचारायला जायचंय, रविवारी गाडी काढशील का. काढते म्हटलं. रागावली आहेस का असं मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

निघायच्या आधी बॅकअप घ्यायचा म्हणून मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. नवा होता, चौसष्ट जीबीचा, चंदेरी. पोर्टकडे हात नेला तर तिने मनगट धरलं. घट्ट धरलं होतं.

"आधी तपास," ती म्हणाली.

मी माझा लॅपटॉप काढला, त्याला लावला, स्कॅन सुरू केलं. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली, चष्मा वर सरकवून, स्क्रीनवरच्या फाइलींची नावं एकेक करून पुटपुटत वाचत, शेवटची येईपर्यंत.